वेळावदरची अर्धी संध्याकाळ

भाच्याचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारला बँकेत खिडकीवर बसलो होतो. "मामा, माय गई..." एवढंच बोलला. त्याची माय म्हणजे माझी थोरली बहीण, जिजी. शेतातल्या बायांना चहा देऊन घरी आली, ओट्यावर टेकली, ती उठलीच नाही. महिना होऊन गेला... पण माझ्या डोळ्यांपुढून वेळावदर हलत नाही.

आमच्या लहानपणी कोरीटच्या शिवारात काळविटं दिसायची. ज्वारी राखायला जिजीला बसवत. ती हातात गोफण घेऊन नुसती बघत राहायची आणि संध्याकाळी वडिलांची बोलणी खायची. पुढे माळ नांगरले गेले, हरणं दिसेनाशी झाली, जिजी लग्न होऊन कळसाडीला गेली. माझ्याकडे तिनं एकच मागितलं होतं, "भाऊ, माले एक डाव हरनं दखाड." मी वर्षानुवर्षं 'पुढच्या हिवाळ्यात' म्हणत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात अखेर निघालो. गुजरातेत भावनगरच्या अलीकडे वेळावदरचं अभयारण्य, क्षितिजापर्यंत पिवळं गवत. शंभरेक काळविटं एकदम उधळली, तशी साठी ओलांडलेली जिजी गाडीत उभी राहिली, पदर तोंडाला लावून. वाटाड्या म्हणाला, "मासी, सूर्य बुडताना दूर देशांतले शिकारी पक्षी इथे गवतात झोपायला उतरतात. शेकड्यांनी. तेवढं पाहून जा." पण मला घाई. दुसऱ्या दिवशी पहाटे गीरच्या सफारीचं बुकिंग होतं, रस्ता लांबचा. आभाळात पहिले तीन-चार पक्षी घिरट्या घालू लागले होते.

"जराखा थांब ना भाऊ, त्या आते येई ऱ्हायनात..."

"जिजी, उद्या सिंह पाहायचाय. पक्ष्यांचं काय एवढं!"

गाडी फाटकाबाहेर पडली तरी ती मागे वळून बघत होती. गीरमध्ये सहा जीपगाड्यांच्या गराड्यात झुडपामागे एक सिंहीण दिसली. जिजी म्हणाली, "झोपेल शे बिचारी. चाल." परतीच्या वाटेवर मी पुन्हा तेच म्हणालो, पुढच्या हिवाळ्यात नक्की.

तेराव्याला मेहुणे मला शेतावर घेऊन गेले. केळीच्या बागेपलीकडे एक पट्टा नुसता गवताचा, कमरेइतका वाढलेला. कडेला एक बाज टाकलेली.

"वेळावदरथून घर उनी आन ह्या तुकडाले नांगर लावू दिधा नही. दिन बुडाले लागना का आठे येईसन बसे. काय देखे, देव जाने." मेहुण्यांनी गवतावरून हात फिरवला. "आते याचं काय करानं, भाऊ?"

मी बाजेवर बसलो. ऊन उतरत होतं. चिमण्यांएवढ्या कसल्याशा पाखरांचा थवा आला आणि चिवचिवत गवतात शिरला. त्यामागून आणखी एक. मेहुण्यांनी दोनदा आठवण केली, नंदुरबारची शेवटची एसटी चुकेल म्हणून. रस्त्यावर ती आल्याचा, थांबल्याचा, निघून गेल्याचा आवाज मी ऐकला.

मी उठलो नाही.