शिडी धरणारा

बेटावरची सहल म्हणजे काय ते सांगतो. चाळीस माणसं बोटीतून उतरतात, तीन तासांनी पुन्हा चढतात, आणि मधल्या वेळात त्यांना घाम येतो तो फक्त उन्हानं. मी चौतीस वर्षं गोदीत पोती वाहिली. लेक आणि जावई हट्टाला पेटले म्हणून गेलो. तिथं काम करताना एकच माणूस दिसला.

तो शिडी धरायचा. बेटाला धक्का नाही. बोट वाळूच्या अलीकडे थांबते, पुढून लाकडी शिडी सोडतात आणि हा पाण्यात उभा राहून ती दोन्ही हातांनी दाबून धरतो. साठीला आलेला माणूस, पिंढऱ्या पिळलेल्या दोरासारख्या. सगळे उतरून गेले तरी हा पाण्यातच. मी विचारलं, का?

"ओहोटी लागलीय. आता पाणी कमरेला आहे. मांडीला आलं की शिट्टी मारायची, गुडघ्याला आलं की निघायचं. उशीर झाला तर बोट वाळूत बसते. मग संध्याकाळच्या भरतीपर्यंत हलत नाही."

"घड्याळ बघून नाही चालत?"

"वारा फिरला की पाण्याची वेळ फिरते. घड्याळाला कुठं कळतं?"

बोट त्याच्या मेहुण्याची, बायकोच्या धाकट्या भावाची. या वर्षी ती दोनदा वाळूत बसली होती, दोन्ही वेळा लोकांची वाट बघता बघता. मेहुण्यानं बजावलं होतं, "दाजी, तिसऱ्यांदा बसली तर तुम्हीही घरी बसा." आणि घरी बसणं या माणसाला जमणारं नव्हतं. ते त्याचे हात बघूनच कळत होतं.

किनाऱ्यावर निसर्गप्रेम उतू चाललं होतं. एक कासव श्वास घ्यायला वर आलं, तर वीस जणांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. फोटोत स्वतःच्या तोंडामागं ते यायला हवं होतं ना! एका बाईनं पिशवीभर शंख गोळा केले. त्यातले निम्मे चालायला लागले तेव्हा तिनं किंचाळून पिशवी फेकली. वर एक गरुड माशावर झेप घेत होता, चुकत होता, पुन्हा वर जात होता. त्याच्याकडे कोणी बघेना. आमचे जावईबापू पाव घेऊन घोरपडीमागं झुडपात शिरले. घोरपड पाव खात नाही हे तिला माहीत होतं, यांना नव्हतं.

शिट्टी झाली. एकोणतीस आले. दुसरी शिट्टी झाली. अकरा जण झुडपातच. गाइड म्हणाला, "काका, दहाच मिनिटं. गिऱ्हाईक आहे."

शिडीवाल्यानं खाली पाहिलं. "गुडघा," म्हणाला. शिडी वर दिली, बोटीला खांदा लावला आणि चाळीस पावलं खोल पाण्यात नेली.

"बाबा, हे राहिले ना मागे!" लेक ओरडली.

"येतील. पाय आहेत त्यांना," मी म्हणालो.

अकरा जण छातीभर पाण्यातून आले, पिशव्या डोक्यावर घेऊन. शिडीवाल्यानं एकेकाला दंड धरून चढवलं. शेवटी जावईबापू, खिशातला फोन ठिबकतोय.

"मी तक्रार करणार आहे तुमची!"

"करा. आधी दुसरा पाय वर घ्या."

संध्याकाळी तक्रार लिहिली गेली, खाली अकरा सह्या. दिवसभरात एवढे कष्ट त्यांनी पहिल्यांदाच घेतले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गावच्या धक्क्यावर गेलो, तर शिडीला दुसराच माणूस. मी बोटीत न चढता पत्ता काढून कालच्या शिडीवाल्याचं घर गाठलं. मेहुण्यानं त्याला रात्रीच कळवलं होतं, "दाजी, उद्यापासून विश्रांती घ्या."

"तक्रार आमच्या जावयानं केली," मी म्हणालो.

"कोण, घोरपडवाला?"

आतून त्याची बायको म्हणाली, "सकाळपासून चारदा दाराची चौकट धरून उभे राहिलेत. सांगा हो यांना, ती पडत नाही म्हणून."

दुपारी मेहुणा धापा टाकत आला.

"दाजी, गाइडचा फोन होता. बोट बसली."

"नवा माणूस कुठं होता?"

"वर. कपडे भिजतात म्हणाला. चला ना, लोक खवळलेत."

"मी येऊन काय करू? पाणी मी आणतो का? तोवर गाइडला म्हणावं, घोरपडी दाखव."

"ताई, तू तरी सांग यांना."

"मी काय सांगू? विश्रांती तूच दिलीस," बहीण म्हणाली.

मेहुण्याचा चेहरा उतरला. "उद्या तरी याल?"

"सातला येतो. पण शिडी कधी उचलायची ते मी ठरवणार. गाइड नाही, गिऱ्हाईक नाही, तूसुद्धा नाही. कितीही सह्या येऊ देत."

मेहुण्यानं मान डोलावली. मग निघून गेला.

शिडीवाला खाली बसला. बायकोला म्हणाला, "आता वाढ. यांनाही."