साडूभाऊंचा समुद्र

आराम करण्याची इतकी कसून तयारी करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, हे मी माझ्या थोरल्या साडूंबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. पातूरजवळ त्यांचं फुलांचं शेत, घर अकोल्याला जठारपेठेत. पहाटे उठून झेंडू, शेवंती, निशिगंध तोडायचा आणि कोमेजायच्या आत बाजारात पोचवायचा, यात सारा जन्म गेला. आराम त्यांना माहीत असणार तरी कुठून? एकदा आमच्याकडे अमरावतीला ते तीन दिवस 'निव्वळ पडून राहायला' म्हणून आले. पहिल्या दिवशी आमच्या कुंड्यांची माती बदलली, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या, आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या बंगल्याच्या फाटकावरची वेल छाटताना तिथल्या राखणदारानं त्यांना धरून माझ्यापुढे आणून उभं केलं. "पडूनच होतो हो साडूभाऊ," ते म्हणाले, "पन पडल्या पडल्या ते वेल दिसली ना!" लग्नाला गेले की आशीर्वाद देण्याआधी नवरदेवाच्या गळ्यातला हार हुंगतात आणि "कालचा हाये" असं त्याच्याच कानात सांगून अक्षता टाकतात.

या माणसानं गेल्या दिवाळीनंतर समुद्रावर आरामाची सहल काढायचं ठरवलं. त्यांची दोन नातवंडं, सहा वर्षांची मिनू आणि साडेतीन वर्षांचा गोलू. मिनूनं फोनवर विचारलं होतं, "आजोबा, समुद्र कसा असते?" आजोबांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. मी शाळेत भूगोल शिकवायचो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला समुद्राचा जाणकार ठरवलं आणि माझ्यामागे फोनचा ससेमिरा लावला. "खोलीपासून पानी किती पावलं? लेकराच्या पावलानं सांगा, आपल्या नाई." "दुपारी लेकरू झोपते, तवा समुद्र आवाज करते का?" "खारं पानी पोटात गेलं तं काय द्यावं?" मुलं वाळूत किती वेळ बसू शकतील याचा अंदाज यावा म्हणून त्यांनी शेतात ट्रॅक्टरभर वाळू टाकून घेतली आणि भर एप्रिलात, अकोल्याच्या उन्हात, छत्री रोवून तिच्यात स्वतः जाऊन बसले. अर्ध्या तासानं माझ्या मेव्हणीनं त्यांना हाताला धरून सावलीत आणलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला आणि मला फोन लावला. "भाऊजी, यायले समजावा. लोकं म्हनतीन, म्हातारा बुजगावनं होऊन बसला."

सहलीचा बेत लिहिलेल्या त्यांच्या कागदावर किल्ला होता, देऊळ होतं, दीपगृह होतं, मासळीबाजारसुद्धा होता; आणि घरात अंडंही शिजत नाही! मी म्हटलं, लहान मुलं आहेत, त्यांना कुठेही फरफटवू नका. त्यांनी निमूट सगळं खोडलं. उरल्या दोन ओळी : सकाळी समुद्र, संध्याकाळी समुद्र.

"मधात काय?"

"मधात काही नाही."

"नुसतं बसाचं?" त्यांनी विचारलं. मग अगदी मनापासून म्हणाले, "जमन का हो मले?"

खरी अडचण वेगळी होती, आणि ती आम्ही कोणीच बोलून दाखवत नव्हतो. मुलं त्यांच्याजवळ नव्हती. मुलगा पुण्याला नोकरीला, सून दोन्ही लेकरांना घेऊन अचलपूरला माहेरी. वर्षापूर्वी रीतसर फारकत झाली होती. चूक कोणाची, हे साडूंनी ना मुलाला विचारलं, ना सुनेला. सुट्टीत एखादा दिवस नातवंडं अकोल्याला यायची, संध्याकाळी परत जायची. समुद्राचं सगळं ठरलं, फक्त मुलं न्यायची परवानगी तेवढी उरली.

म्हणून एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं अमरावतीहून एसटीनं अचलपूरला गेलो. व्याही बैठकीत समोर बसले, पण पंख्याकडे पाहत. सून पाणी घेऊन आली. साडूंनी खिशातून कागद काढला, मांडीवर उलगडला, आणि सहा दिवसांचा तो जवळजवळ कोरा बेत तिला बोट ठेवून ठेवून समजावून सांगितला.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मामाजी, गोलू माझ्याशिवाय झोपत नाही."

"तं तू बी चाल, बाई."

व्याह्यांनी पहिल्यांदा पंख्यावरून नजर खाली आणली. "ते कोन्या नात्यानं येईन?"

"लेकरायची माय हाये ना ते," साडू म्हणाले. "अजून कोनतं नातं लागते?"

सुनेनं खालच्या आवाजात विचारलं, "आणि हे... ते येणार आहेत का?"

"नाई. त्याले मी सांगतलं, तू नको येऊ. तुले मोकळं वाटलं पाह्यजे." हे बोलताना त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. पोटच्या पोराला येऊ नको म्हणून सांगणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला त्या घड्यांवरून कळलं. मला त्यांनी हे आधी सांगितलं नव्हतं.

ती आत गेली, थोड्या वेळानं डोळे पुसून बाहेर आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "येते मी. पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून सांगते. जूनमध्ये माझं लग्न आहे. नागपूरला. मुलं माझ्यासोबत राहतील."

साडूंनी विचारलं, "मानूस कसा हाये?"

"चांगला आहे. लेकरांना जीव लावते."

"मंग झालं," साडू म्हणाले. "बेस झालं बाई."

रस्त्याकडेच्या शेतांवर शेरे मारल्याशिवाय ज्यांचा प्रवास होत नाही, ते परतीच्या बसमध्ये समोरच्या सीटची दांडी धरून बसून राहिले. अमरावतीच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र त्यांनी माझी बाही ओढली. "साडूभाऊ, त्या सहाचे आठ दिवस करता येतीन का?"

आठ दिवस केले. मेच्या मध्यावर साडू-मेव्हणी, सून, मुलं आणि आम्ही नवरा-बायको असे सगळे कोकणातल्या एका लहानशा गावी जाऊन राहिलो. पहिल्या सकाळी समुद्र पाहून गोलूनं असं भोकाड पसरलं, की नारळाच्या बागेतली माणसं धावून आली. आजोबा स्वतःही घाबरलेच होते, फक्त रडत नव्हते. दोघं एकमेकांना धरून पावलापावलानं पाण्याकडे निघाले. लाट आली की दोघं मागे पळत, ती ओसरली की दोघं पुढे. तिसऱ्या दिवसापर्यंत ही जोडी घोट्याइतक्या पाण्यात पोचली. मिनूनं आजोबांना गळ्यापर्यंत वाळूत पुरलं, वर शिंपले मांडले आणि आईला हाक मारून दाखवलं. सून पदर तोंडाला लावून हसत सुटली, आणि हसता हसता तिचा चेहरा असा काही झाला, की माझी मेव्हणी तिच्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. सासू-सून म्हणून एका घरात नांदताना अशा बसलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

शेवटच्या संध्याकाळी मिनूनं आजोबांना विचारलं, "आई म्हणते, आता नवे बाबा येणार. मग नवे आजोबापण येतील का?"

आम्ही सगळे दुसरीकडे पाहू लागलो. साडूंनी तिच्या पायाची वाळू झटकायचं काम थांबवलं नाही. "येतीन ना. चांगले असतीन. त्यायचं आयकत जाजो."

"आणि तुम्ही?"

"मी बी हाओच. अकोल्याले."

परतीची गाडी सकाळी अकोल्याला आली. साडू आणि मेव्हणी इथेच उतरणार होते. आम्हाला आणि सुनेला मुलांसह पुढे अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला जायचं होतं. गोलू गाढ झोपला होता. "उठवू नका त्याले," साडू म्हणाले, आणि त्याच्या डोक्यावरून फिरवायला गेलेला हातही त्यांनी वरच्या वर मागे घेतला. सून त्यांच्यामागून खाली उतरली आणि भर फलाटावर, माणसांच्या पायांतून वाट काढत, त्यांच्या पाया पडली. तेवढ्यात भोंगा झाला आणि त्यांनी "चढ, चढ, गाडी सुटन" एवढंच म्हणून तिला दाराशी लोटलं. मिनू खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून हलवत होती. फलाट संपला, तरी हलवत होती.

बडनेऱ्याला उतरायच्या वेळी गोलू जागा झाला. त्यानं एकेक बाक पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजोबा कुठं गेले?"

"त्यांच्या घरी गेले," सून म्हणाली.

"आपल्याला नाही नेलं?"

तिनं त्याला कडेवर घेतलं, त्याचं तोंड खांद्यावर दाबून धरलं आणि ती पायऱ्या उतरली. मिनूचं बोट धरून मी तिच्यामागे उतरलो.