शून्य मुंग्या

"थांबा! पाय उचला!"

आमच्या इंदिरानगरातल्या इमारतीच्या जिन्यात ही आरोळी आली की येणारा कितीही घाईत असो, जागच्या जागी एका पायावर उभा राहायचा. पायरीवर काका उकिडवे बसलेले असायचे. एका हातात भिंग, दुसऱ्या हाताने वाहतूक अडवलेली. एकदा गॅसवाला भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन असाच अडकला. त्याच्या पायाशी मुंग्या कुणाच्या तरी मिसळीतली शेव ओढत नेत होत्या.

"काका, लय जड हाय हो!" तो कळवळून म्हणाला.

"त्यांनाबी जड हाय. सात जणी मिळून एक शेव नेतात. एक तरी ओरडली का?"

बिचाऱ्याने शेव भिंतीच्या भेगेत जाईपर्यंत पाय खाली टेकला नाही.

काका तळमजल्यावर एकटेच राहायचे. मूळचे सायखेड्याचे. नोकरी टपाल खात्यात, धावत्या रेल्वेच्या डब्यात उभं राहून गावोगावची पत्रं कप्प्यांत लावायची. निवृत्त झाले तेव्हा हातातली पत्रं सुटली, पण पत्ता ओळखायची खोड काही सुटली नाही. ती मुंग्यांवर आली. कुणाच्याही घरी मुंग्या निघाल्या की काका भिंग घेऊन हजर. कुणी फवारा काढला की हात धरायचे. "आधी ओळख, मग औषध!"

लोक मुंगी चिरडून, कागदाला चिकटवून त्यांच्याकडे घेऊन जायचे. त्याचा त्यांना भयंकर राग यायचा. "पत्र फाडून आणता आन् मला पत्ता विचारता?" मुंगी जिवंत हवी, चालती हवी. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "रांगेत होत्या का सैरावैरा?" मग झाकणांची परीक्षा. एका झाकणात साखरेचं पाणी, दुसऱ्यात तेलाचे दोन थेंब. मुंग्या कुठल्या झाकणावर जमतात ते पाहून निकाल लागायचा. तो रोज सकाळी सहाला इमारतीच्या ग्रुपवर फोटोसकट यायचा. फोटो इतका हललेला असे की सेक्रेटरींनी एकदा लिहिलं, "काका, हा तीळ आहे." काका आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मी आयुष्यभर बँकेत काम केलेला माणूस. मला हे सगळं रिकामटेकडेपणाचं वाटायचं आणि मी तसं बायकोला बोलूनही दाखवायचो. पण एका उन्हाळ्यात आमच्या बाथरूममध्ये मुंग्या झाल्या. बारीक, काळ्या, कोपऱ्यातून येणाऱ्या. बायकोने फिनाईल ओतलं, हळद टाकली, खडूने रेघा मारल्या. दोन दिवस जायच्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या. शेवटी माझं न ऐकता तिने काकांना बोलावलं.

काका बाथरूममध्ये शिरले ते अर्धा तास बाहेर येईनात. मी दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळत उभा. आतून त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. झाकणं मांडली गेली. तेलाकडे एकही फिरकली नाही, साखरेवर झुंबड.

"वहिनी, ह्या गोडाच्या. आता मला सांगा, हितं गोड काय हाय?"

"साबण असेल," बायको म्हणाली.

साबण उचलला, फरशी धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा हजर. मुंग्याही हजर, आणि बरोबर संडासाच्या भांड्याभोवती. काकांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं.

"साहेब, तहान लय लागते का?"

"उन्हाळा आहे."

"रात्री उठावं लागतं?"

"वय झालं."

"रक्त तपासून या. ह्या मुंग्या तुमच्याकडं आल्यात."

मी संतापलो. मी बँकेत शाखा सांभाळलेली, आणि माझा आजार एक पोस्टातला माणूस मुंग्यांना विचारून सांगणार? मी त्यांना नको ते बोललो. काका झाकणं पुसून खिशात घालून निघून गेले. तिसऱ्या दिवशी बायकोने मला हाताला धरून तपासायला नेलं. साखर इतकी होती की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"वेळेवर आलात. पण तपासायला सांगितलं कुणी?"

"मुंग्यांनी," बायको म्हणाली. डॉक्टरांनी तिचीही तपासणी लिहून दिली.

मी शरमेने काकांकडे गेलो. ते म्हणाले, "बसा. चहा बिनसाखरेचा करतो." एवढंच. झाल्या प्रकारावर पुढे कधी एक शब्द काढला नाही.

मात्र दर रविवारी अकराला ते आमच्या बाथरूमची तपासणी करू लागले. भिंग घेऊन आत जायचे आणि आतूनच खणखणीत आवाजात निकाल सांगायचे, "शून्य!" किंवा, "चार हायत, साहेब! श्रीखंड झालं वाटतं!" झालेलंच असायचं. मुलीच्या सोयरिकीचं बोलायला पाहुणे आले होते तेव्हाही काकांनी रविवार चुकवला नाही. भर बैठकीतून आत गेले आणि आतून आवाज आला, "एक पण नाय! अभिनंदन!" मुलाच्या वडिलांच्या हातातला कप थबकला. "हे कोण?" बायको म्हणाली, "आमचे डॉक्टर." लग्न जमलं, हे त्या लोकांचं मोठेपण.

गेल्या श्रावणात काका झोपेतच गेले. इगतपुरीहून त्यांची मुलगी आली. त्यांना बाहेर काढताना उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. पुढे खांदा दिलेले सेक्रेटरी, तीळवाले, एकदम थांबले आणि म्हणाले, "पाय उचला रे सगळे." आम्ही सगळे पाय उचलून रांग ओलांडून गेलो.

त्यानंतर मी बिघडलो. पाहणारं कोण होतं? फिरायला जाणं सुटलं, गोड खाणं सुरू झालं. एका सकाळी बाथरूमच्या कोपऱ्यात त्या दिसल्या. बारीक, काळ्या. मी उकिडवा बसलो. रांगेत होत्या. मला काकांची इतकी आठवण आली, की तिथेच फरशीवर बसून रडलो.

पुन्हा पहाटे चालायला लागलो. पथ्य सुरू केलं. अडीच महिने गेले. परवाच्या रविवारी अकरा वाजता चष्मा पुसून सगळे कोपरे पाहिले, भांड्यामागेही पाहिलं. एकही नव्हती. सवयीने तोंडातून निघून गेलं, "शून्य!"

स्वयंपाकघरात बायकोचं पोळ्या लाटणं थांबलं. मग तिचा आवाज आला.

"जरा जोरात सांगा. तळमजल्यावर ऐकू गेलं पाहिजे."

मी जोरात सांगितलं.