काकांचे सोडे

जगबुडी आली तर अख्ख्या कल्याणात एकच घर तगेल, आणि ते थोरल्या काकांच्या बेगमीवर, असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत होतं. सगळ्यांत ठाम अर्थात काकांचं. कचेरीत ते साधे कारकून, पण चैत्र लागला की त्यांच्या अंगात संचारायचं. पंचवीस माणसांचं घर, पावसाळ्यात बाजारचं तोंड बघायचं नाही, हा त्यांचा पण. मिरगुंडं, आंबोशी, कोकमं, लोणचं, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. बायकांच्या कामात नाक खुपसतात म्हणून काकू करवादायची. त्यांना त्याचं काही नाही.

पण त्यांचा खरा जीव सोड्यांत. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात जायच्या नाहीत, मग आमच्यासारख्या मासेखाऊंनी जगायचं कसं? म्हणून भर उन्हाळ्यात टोपलीभर कोळंबी यायची, बायका ती सोलायच्या आणि काका गच्चीवर वाळत घालायचे. डोक्याला काकूचं जुनं लुगडं गुंडाळून, हातात काठी घेऊन ते दिवसभर राखणीला बसत. गावातली यच्चयावत मांजरं त्यांना ओळखत. सोडे खडखडीत वाळले की बरणीत, बरणी कपाटात आणि कपाटाची किल्ली काकांच्या जानव्याला. आषाढ लागल्याशिवाय ते कपाट उघडायचं नाही. एकदा खुद्द त्यांचे मेहुणे ज्येष्ठात आले, तर त्यांनाही पिठल्यावर वाटेला लावलं.

अशा घरात कुमुदताईचं लग्न जमेना. काकांची ही एकुलती एक लेक. दोन ठिकाणांहून नकार आला होता, काकू धास्तावली होती, काका जेवताना बोलेनासे झाले होते. त्यात ठाण्याची मंडळी रविवारी यायची ती शनिवारीच, धो धो पावसात दारात उभी. सहा माणसं, ओलीचिंब. चुलीवर पातळ वरण, घरात भाजीची काडी नाही. आणि ज्येष्ठ संपायला अजून आठ दिवस.

काकूनं माजघरात काकांसमोर नुसता हात पसरला. आम्ही दाराआडून बघत होतो. काकांनी एकदा बाहेरच्या मंडळींकडे पाहिलं, एकदा कुमुदताईकडे, आणि सदऱ्यात हात घालून किल्ली काढली.

"अहो, पण आषाढ..." काकू पुटपुटली.

"माझ्या घरातलं पंचांग मी बघतो," काका म्हणाले. "आज आषाढ लागला."

मग काय विचारता! कुमुदताईनं सोड्यांची खिचडी केली, पापड भाजले, सोलकढी केली. मुलाच्या वडिलांनी तिसऱ्यांदा खिचडी घेतली आणि हात धुवायच्या आधीच सांगून टाकलं, मुलगी पसंत आहे. काका त्या दिवशी घरभर असे फिरत होते, जणू ठाणं जिंकून आलेत. येईल त्याला सांगत होते, "खिचडी तिची, पण सोडे माझे."

पुढच्या उन्हाळ्यात काकू म्हणाली, आता घरात एक पान कमी, कोळंबी बेतानं आणा. काकांनी दुप्पट आणली. कुमुदच्या सासरचं कोण भरणार, म्हणाले. मग दर मिरगाआधी एक बरणी गाडीनं ठाण्याला जाऊ लागली, आणि ती पोचवायला दुसऱ्या कुणाला पाठवायचे नाहीत, स्वतः जायचे. मांडीवर बरणी धरून.

काका गेले त्या वर्षी आमच्या गच्चीवर काही वाळत पडलं नाही. कुणाचे हातच उचलेनात. पावसाच्या तोंडावर कुमुदताई आली, पिशवीतून सोड्यांची बरणी काढून काकूपुढे ठेवली. ठाण्याच्या गच्चीवर तिनं एकटीनं वाळवलेले. काकूनं एक सोडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.

"मीठ जरा जास्त झालंय," ती म्हणाली, "त्यांनी तुला बोलून बोलून रडवलं असतं."

आणि मग दोघी मायलेकी हसता हसता रडायला लागल्या.