सेंटीमीटरच्या आत

"बेस बेन, बेस. मशीन काय चावत नाही," असं म्हणत मावशी पेशंटच्या तळहातावर चिकू ठेवायच्या. डहाणूच्या आमच्या सोनोग्राफी सेंटरात त्या आयाबाई आणि मी रिपोर्ट टाइप करणारी. नरपडहून येताना त्यांच्या पिशवीत चार चिकू ठरलेले.

झरी-तलासरीच्या बायका भेदरलेल्या असायच्या. कॅन्सर काखेतल्या, मानेतल्या गाठींमध्ये पसरलाय का, हे बघायला एक डॉक्टर सोनोग्राफी सांगतो, दुसरा सीटी, तिसरा थेट मुंबईला पेट स्कॅनला धाडतो. त्या बिचाऱ्यांना काय कळणार? मग मावशींची शाळा भरायची. "सोनोग्राफी म्हणजे साल खरवडून आतला रंग बघायचा. सीटीत माप कळतं, चिकू केवढा ते. पेटमध्ये अंगात साखर सोडतात, नि मुंग्या कुठे लागतात ते बघतात. आता मुंग्यापण चुकतात कधी कधी."

"मग खरं कशात कळतं?"

"सुईत. फोडल्याबिगर चिकू कळतो होय?"

डॉक्टर म्हणायचे, "मावशी, माझ्या खुर्चीत तुम्हीच बसा."

"नको बाबा, तिला चाकं आहेत. पळाली तर?"

तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता. त्यांचं स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं होतं, हे डॉक्टर आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात त्या स्वतःच्या तपासणीला आत गेल्या. सोनोग्राफीत काखेत एक गाठ दिसली, गोल, आतला रंग बदललेली. वापीहून सीटीचा रिपोर्ट आला: आठ मिलिमीटर, एका सेंटीमीटरच्या आत, म्हणून आकारमान सामान्य. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सीटीत फक्त माप कळतं. सुई लावून गाठीचा नमुना तपासून घेऊ."

मावशी दोन्ही रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. साऱ्या तालुक्याला शिकवणारी बाई मला विचारत होती, "पोरी, दोघांतलं खरं कुठलं?"

मला त्यांचं तोंड बघवेना. मी म्हटलं, "सीटीचं मशीन मोठं, मावशी. सेंटीमीटरच्या आत आहे. काही नाही होत."

मी कोण मोठी शहाणी लागून गेले होते! पण त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग सुईचं लेकीच्या बाळंतपणानंतर बघू." मी मान डोलावली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, तर "करते, करते" म्हणून त्यांनी टाळलं.

बाळंतपण झालं, तोवर त्यांचा हात सुजला होता. मुंबईच्या पेट स्कॅनचा रिपोर्ट मीच वाचून दाखवला. मान, छाती, पाठीचा कणा.

"लागल्या ना मुंग्या?" त्यांनी विचारलं.

मला रडू आवरेना. "मावशी, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं..."

त्यांनी माझी हनुवटी धरली. "गप. मला कळत नव्हतं होय? तुझ्या तोंडून तेच ऐकायचं होतं, म्हणून तर तुला विचारलं."

त्यांनी मला माफ केलं असेल. मला नाही जमलं अजून. पावसाळ्यापूर्वीच त्या गेल्या.

आता कुणी दोन रिपोर्ट घेऊन आली की मी सांगते, "मला नाही कळत, बाई. डॉक्टर सुई म्हणाले ना, आजच लावून घे." आणि दारापर्यंत सोबत जाते.

परवा तलासरीची एक बाई दारातच अडखळली. "इथे चिकू देणाऱ्या मावशी होत्या ना?"

मी तिचा हात हातात घेतला. त्यावर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.