अख्ख्या मजल्याचं पाणी

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि धाकटी तीनची. परळला गिरणीमागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. आईबाबा दोघंही गिरणीत. बाबा साच्यावर कापड विणायला, आई वाइंडिंगला सूत गुंडाळायला. त्या दिवशी हरताळ होता. गिरण्या बंद, शाळा बंद, दुकानांना फळ्या लागलेल्या. बाबा सकाळीच मोर्चाला गेले होते. अकराच्या सुमारास खालून बायकांचा घोळका निघाला, तेव्हा आईनेही पदर खोचला.

"भात होत आलाय. वेळून ठेव. निवल्यावर हिला पेज दे. आणि हिच्यावरची नजर हलवू नकोस," एवढं सांगून ती जिना उतरली.

भात वेळायला मला येत होतं. फडक्याने टोप धरायचा, झाकण तिरकं करायचं, पेज दुसऱ्या भांड्यात उतरवायची. सगळं नीट केलं. भांडं उंबऱ्याजवळ ठेवलं, गॅलरीतल्या वाऱ्याने लवकर निवेल म्हणून. तेवढ्यात रस्त्यावरून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'चा गजर आला आणि मी धावले. कठड्याच्या गजांत तोंड खुपसून मी त्या गर्दीत आईचं हिरवं लुगडं शोधत होते.

मागे भांडं कलंडल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर धाकटी उंबऱ्यात बसलेली, तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. मग फुटला. तसं रडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत लालबुंद झाला होता आणि भाताची दोन शितं त्याला चिकटली होती. मी फक्त ती शितं काढायला गेले. दुसरं काही सुचलंच नाही.

मजल्यावरची माणसं जमली. मोर्चाला न गेलेली, म्हणजे म्हातारी, लेकुरवाळी आणि कोपऱ्यातल्या खोलीतले मास्तर. मास्तर निळ्या शाईची दौत घेऊनच आले; भाजल्यावर शाई लावायची हे त्यांचं ठाम मत. समोरच्या काकूंनी तुपाची वाटी आणली. कुणी चुना म्हणालं, कुणी खोबरेल. धाकटी हात झटकत होती आणि मी तिला कवटाळून बसले होते.

तेव्हा शेवटच्या खोलीतली मावशी आली. ती प्रसूतीच्या इस्पितळात आया होती. रात्रपाळी करून आलेली, डोळे अर्धवट मिटलेले. बाळंतपणाच्या खोलीत काम करते म्हणून मजल्यावरची दोन-तीन घरं तिच्या हातचं पाणी घेत नसत. तिला ते ठाऊक होतं, त्यामुळे ती सहसा कुणाच्या दारात उभी राहत नसे. आज तिने माणसं बाजूला सारली आणि सरळ खोलीत शिरली.

"काय सांडलां?"

"पेज," मी म्हणाले.

"शाई नको, तूप नको. काय एक लावूचां नाय. पाणी हाड, पाणी!"

तिने धाकटीला उचलून मोरीत नेलं, आपल्या गुडघ्यावर बसवलं आणि पहिल्यांदा तिच्या मनगटातली काळ्या मण्यांची मनगटी दोरा तोडून काढली. "हात सुजलो की ही रुतात," असं पुटपुटत तिने झग्याची ओली बाहीही कात्रीने कापून सोडवली. मग लोटा पिंपात बुडवून हातावर बारीक धार धरली.

धाकटी आणखीच किंचाळली. काकू म्हणाल्या, "अगो, पाण्याने फोड येतील!"

मावशीने मान वर न करता आपला डावा पंजा त्यांना दाखवला. "सुया उकळूच्या भांड्यातलां पाणी पडलां होतां ह्येच्यार. आमच्या शिस्टरनी हात नळाखाली धरून ठेवलो. मी रडत होतंय, तरी सोडूक नाय. बघा, काय दिसता?" काहीच दिसत नव्हतं. "मास्तरांनू, ती दौत ठेवा आणि घड्याळ बघा. वीस मिनटां होईसर धार थांबूची नाय."

मास्तरांनी दौत खाली ठेवली आणि खिशातलं घड्याळ काढलं.

पण नळ सकाळीच गेला होता. तो आता संध्याकाळी यायचा, आणि हरताळामुळे येतो की नाही अशी भीतीही सगळ्यांना होती. आमचं पिंप अर्धंच होतं. सहा-सात मिनिटांत मावशीचा लोटा तळाला खरवडायला लागला.

"पाणी!" ती ओरडली.

क्षणभर कुणी हललं नाही. प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर आपापली घागर असणार, घरात पिणारी पोरं असणार. मग मास्तर घड्याळ माझ्या हातात देऊन गेले आणि स्वतःची कळशी घेऊन आले. त्यांच्यामागून काकू. काकूंचं घर मावशीच्या हातचं पाणी न घेणाऱ्यांपैकी. त्यांनी पितळी घागर मोरीच्या कडेला ठेवली. मावशीने लोटा बुडवायच्या आधी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"बघतेस काय? बुडव," काकू म्हणाल्या.

मग घागरी येतच राहिल्या. मी घड्याळाचा काटा बघत होते आणि तो पुढे सरकत नव्हता. धाकटीचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. मावशी तिच्याशी बोलत होती, "झालां हां बाय माझ्या, अजून थोडां." वीस मिनिटं झाली तेव्हा आमच्या मजल्यावर प्यायला जेमतेम दोन कळश्या पाणी उरलं होतं. मावशीने धुतलेल्या धोतराचा मऊ तुकडा मागून घेतला, हातावर सैलसा गुंडाळला, आणि हात उशीवर उंच ठेवून धाकटीला निजवलं. "फोड इले तर कोणी फोडूचे नाय. कापूस लावूचो नाय, चिकाटता."

आई दुपारी आली. तिला जिन्यातच कळलं होतं. ती आधी धाकटीजवळ बसली आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने म्हणाले, "मी भांडं फळीवर ठेवत होते, तेवढ्यात हिने ओढलं."

मावशी तिथेच होती. पेज कुठे सांडली होती ते तिने पाहिलं होतं. तिने फक्त धाकटीच्या हाताखालची उशी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. डॉक्टरांनी पट्टी सोडून हात उलटसुलट पाहिला. "घरी काय लावलं होतंत?"

"पाणी," आई म्हणाली.

"शहाण्या आहात," डॉक्टर म्हणाले. आईने मान हलवली, "मी नाही. आमच्या मजल्यावरची मावशी."

त्यानंतर रोज मावशी कामावरून येताना आमच्याकडे थांबायची. पट्टी बदलताना उकळून गार केलेल्या पाण्याचं भांडं धरायचं काम माझं. तिने मला बरंच शिकवलं. घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकवून नाक चिमटीत धरायचं. कुसळ काढायची सुई आधी ज्योतीवर धरायची. गुडघा फुटला तर हळद चोपडण्याआधी माती धुवायची. मी तिचं सगळं ऐकायचे, पण तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. "मावशी, भांडं मीच उंबऱ्यात ठेवलं होतं. मी गॅलरीत गेले होते."

"माका म्हायत आसा," ती पट्टीची गाठ मारत म्हणाली.

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"तां तुझां काम. माझां काम ह्यां." तिने गाठ तपासली. "आवशीक सांग. तुझो हात भाजूक नाय, पण तूही भाजलंस. झाकून ठेवलंस तर बरां होवचां नाय."

त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, हिरव्या लुगड्यासकट. मार बसेल म्हणून पाठ ताठ केली होती. आई बराच वेळ खडे काढत राहिली. मग तिने सूप बाजूला सारलं.

"दिसले का मी तुला?" तिने विचारलं.

"नाही. तेवढ्यात ही..."

"मीही वर बघत होते. आपल्या गॅलरीत तू दिसतेस का म्हणून." तिने मला जवळ ओढलं. "तुझ्यावर टाकून गेले, ती चूक माझी गं. नऊ वर्षांची पोर तू." आईला रडताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. मीही रडले, आणि आम्हा दोघींना बघून धाकटीने पट्टीचा हात वर धरून मोठ्याने भोकाड पसरलं. तिला वाटलं, पट्टी बदलायची वेळ झाली.

पंधरा दिवसांनी पट्टी सुटली. आत कोवळी गुलाबी कातडी आली होती. कोपराजवळ तेवढा रुपयाएवढा डाग राहिला. धाकटी तो हात घेऊन मजल्यावरच्या प्रत्येक दारात गेली आणि प्रत्येकाला हात लावून बघायला लावलं. शेवटच्या खोलीचं दार बंद होतं, मावशी रात्रपाळीची झोप काढत होती. धाकटी दाराशी फतकल मारून बसली, मावशी उठेपर्यंत.