मामांचे पाठकोरे कागद

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून असं एकही लग्न, दुकान, पतसंस्था किंवा रसवंती नसेल, ज्याच्याकडे बघून आमच्या मामांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. पुण्यातल्या एका मोठ्या कारखान्याच्या कचेरीत त्यांची हयात गेली आणि त्यांच्या कामाचं नाव होतं बिझनेस आर्किटेक्चर. गावाला ते सांगताना मामा एवढंच म्हणायचे, "कंपनीचा कारभार बदलायचा म्हणून साहेब लोक हातोडा घेऊन निघत्यात. कुठली भिंत पाडली की छप्पर खाली येईल, त्ये आमी आधी कागदावर काढून दाखवायचं." कागदावर काढायचं म्हणजे चौकोन आणि बाण. प्रत्येक कामाला एक चौकोन, आणि ज्याचं काम ज्याच्यावाचून अडतं त्याच्याकडे एक बाण. निवृत्त होऊन ओतूरजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा नोकरी सुटली, पण चौकोन काही सुटले नाहीत.

ओतूरच्या एसटी स्टँडावर ते एकदा सकाळभर बसले होते, कुठे जायचं नसताना. मढची गाडी कधी येणार हे नक्की कोणाला माहीत असतं, याचा त्यांना छडा लावायचा होता. चौकशीच्या खिडकीला माहीत नव्हतं, कंडक्टरला माहीत नव्हतं, फळ्यावर लिहिलेलं कोणी मानत नव्हतं. दुपारी नकाशा पुरा झाला, तेव्हा सगळे बाण शेंगा विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे जात होते. मामांनी त्याला तो नकाशा भेट दिला. त्याने त्यात शेंगा बांधून परत मामांनाच दिल्या. महाळुंगे पडवळला एका लग्नात मुहूर्त टळत चालला आणि दोन्हीकडचे वऱ्हाडी एकमेकांवर गुरकावायला लागले, तेव्हा मामांनी पत्रिकेच्या मागे चार चौकोन काढून दाखवून दिलं की भटजी फोटोवाल्यासाठी थांबलेत, फोटोवाला नवरीच्या मामासाठी थांबलाय आणि नवरीचा मामा भटजींनी हाक मारायची वाट बघतोय. अक्षता पडल्या, पण नवरीच्या मामाने आमच्या मामांशी बोलणं टाकलं ते आजपर्यंत.

माझी आणि त्यांची गट्टी जमायला तशी काहीच जागा नव्हती. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे वडील चळवळीतले. आमच्या घरात डब्याच्या तळाला पत्रक, कपाटाच्या फळीवर पत्रक, आणि माझी अक्षरओळख 'निषेध' मधल्या नि पासून झाली. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं. तो कसा चालतो हे बघत बसणं म्हणजे मला वेळकाढूपणा वाटे. मामा माझं ताजं पत्रक हातात घेत, लगेच उलटं करत आणि मागची बाजू कोरी बघून त्यांचा चेहरा फुलत असे. "लई भारी लिहिलंस," असं न वाचताच म्हणून ते पेन्सिल काढत. मी चिडले की सांगत, "पोरी, बदल नंतर. आधी दाखव, आज काय व्हतंय."

आमच्या गावच्या दूध संस्थेत दूध मोजायला अण्णा नावाचा माणूस होता. सकाळचं संकलन उरकलं तरी तो दीड तास कॅन धूत बसायचा. एकेक कॅन घासायचा, उपडा ठेवायचा, पुन्हा सुलटा करायचा. मोजमाप हाताने, गर्दी, भांडणं. मला ते बघवेना. मी पत्रक काढलं: यंत्राने मोजणी हवी, ठरल्या वेळेला संकलन बंद हवं, आणि संस्थेला पोखरणाऱ्या ढिलाईला घरी बसवायला हवं. अण्णाचं नाव लिहिलं नव्हतं, पण गावात दुसरा ढिला माणूस कोणी मानला जात नव्हता. मी दारोदार वाटलं. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एक पत्रक यशस्वी झालं. यंत्र आलं. आठाच्या ठोक्याला ते आपोआप बंद व्हायचं. अण्णा घरी बसला.

चौथ्या का पाचव्या दिवशी संकलन केंद्रावर मला हौसाबाई भेटली. पठारावरच्या वाडीतली. पूर्वी मेंढ्या राखणाऱ्या घरांची ती वाडी. आता घरोघरी म्हशी आहेत. आधी पाणी भरायचं, मग धारा काढायच्या, मग तासाभराची उतरण. साडेआठच्या आत तिथली एकही बाई खाली पोचत नाही. यंत्र बंद झालेलं होतं. हौसाबाईने किटली माझ्यासमोर ठेवली.

"ताई, कागुद तुमीच लिवला ना?"

"हो."

"मग ह्ये दूध आता वर न्यायचं का हितंच वतायचं, त्ये बी लिवायचं व्हतं."

महिन्याभरात वाडीचं दूध यायचं थांबलं. गावोगावचं दूध उचलणाऱ्या दूध संघाच्या टेम्पोवाल्याने सांगितलं की एवढ्याशा दुधासाठी गाडी इकडे वळवता येणार नाही. केंद्र बंद करावं लागेल. म्हणजे वाडीचंच नाही, सगळ्या गावाचं दूध घरात नासणार होतं, आणि ते माझ्या सहीने. मी मामांकडे गेले. त्यांनी माझ्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा मागून घेतला, तीन सकाळी केंद्रावर बसले आणि चौथ्या सकाळी मला घेऊन अण्णाच्या ओट्यावर गेले.

"अण्णा, कॅन धुवायला दीड तास का लागायचा रं?"

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला, "लागत नव्हता मामा. लावायचो. वरच्या बाया येईस्तोवर हात चालता नको का? नुसता बसलो तर चेअरमन इचारतो, काय करतुयास."

संस्थेची सभा देवळाच्या मंडपात भरली. मामांनी माझी पत्रकं खळीने एकमेकांना चिकटवून मोठा तक्ता केला होता. कोऱ्या बाजू समोर, माझे जळजळीत शब्द भिंतीकडे तोंड करून. मधोमध चौकोन होता, 'कॅन धुणे'. त्यात कंसात लिहिलं होतं, 'थांबणे'. अर्ध्या गावाचे बाण तिथे येत होते.

चेअरमननी चष्मा लावून तक्ता वरखाली पाहिला. "मामा, ह्यात चेअरमन कुठंय?"

"हा काय, खालच्या कोपऱ्यात. सही करताना लागता तुमी."

मंडप हसला. मामा हसले नाहीत. "मशीन राहू द्या, मशीन चांगलं हाय. त्याची बंद व्हायची येळ तेवढी पुढं न्या. आन अण्णाला बोलवा."

"मशीन असताना त्यानं बसून करायचं काय, राव?"

"थांबायचं. त्ये काम हाय."

दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या आणि केंद्र वाचलं. सभेवरून परत येताना मी मान खाली घालून चालत होते. मामा म्हणाले, "तुझा कागुद नसता तर म्या चौकोन कशावर काढलं असतं?" मग दुसरीकडे बघत, "कंपनीत माझ्याकडून एकदा एक चौकोन काढायचा राहिला. नवी पद्धत आली आन त्यातला माणूस घरी गेला. चांगला माणूस व्हता."

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना बंगळुरूला घेऊन गेली. अधूनमधून फोन येतो. "हितं सगळं जागच्या जागी हाय," ते म्हणतात, अळणी भाजीबद्दल बोलावं तसं. मग विचारतात, "अण्णा थांबतो ना?" मी हो म्हणते.

आता मी पत्रक लिहिण्याआधी तीन सकाळी कुठेतरी बसून येते. वडील म्हणतात, तुझी धार गेली. गेली नाही, उशिरा लागते, एवढंच. परवा ओतूरच्या छापखान्यात नवा मजकूर दिला, तर छापणारा म्हणाला, "ताई, मजकूर लई हाय, अक्षर बारीक करावं लागंल. मागची बाजू मोकळीच हाय की, तिकडं घेऊ?"

"नको. मागं कोरंच राहू दे."

"कशापायी?"

मी पैसे मोजून दिले. वाटून उरलेला गठ्ठा घरी खिडकीत ठेवला आहे. काल वाऱ्याने वरचा कागद उलटला आणि कोरी बाजू वर आली. मी तो सुलटा केला नाही.